काठमांडू पायी कसं बघायचं: पहाटे उठून, दुपारी झोप काढून आणि संध्याकाळी रेंगाळून

पहिल्यांदा काठमांडूला गेले तेव्हा मी पण तेच केलं जे सगळे करतात, हॉटेलच्या काउंटरवर एक कागद पुढे आला, एका दिवसात सात पॉइंट, एसी गाडी, आणि मी लगेच हो म्हटलं. भक्तपूरला आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली आणि त्यातली दहा वॉशरूम शोधण्यात गेली. रात्री फोनमध्ये तीनशे फोटो होते आणि कुठलं देऊळ कुठल्या गावातलं ते एकाचंही सांगता येईना, सगळीच विटांची, सगळीच उतरत्या छपरांची, सगळ्यांसमोर मीच उन्हाने डोळे बारीक करून उभी. नंतर दोनदा परत गेले, एकदा आईबाबांना घेऊन, आणि मग कुठे कळलं की हे शहर बघायचं कसं. तेच सांगते, थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. आपण ज्याला काठमांडू म्हणतो ती खरं तर तीन वेगवेगळी जुनी शहरं आहेत. यक्ष मल्ल नावाचा राजा १४८२ मध्ये वारला, नंतर मुलांमध्ये वाटणी झाली आणि एका खोऱ्यात तीन राजधान्या झाल्या, कांतिपूर म्हणजे काठमांडू, ललितपूर म्हणजे पाटण, आणि भक्तपूर. मग पुढची अडीचशे-पावणेतीनशे वर्षं भाऊबंदकी, त्याने देऊळ बांधलं की मी त्याहून उंच बांधणार. १७६८ मध्ये पृथ्वीनारायण शाहने काठमांडू घेतलं आणि पुढच्या वर्षभरात हा खेळ संपला, पण तोपर्यंत तीन राजवाडे आणि तीन दरबार चौक तयार होऊन बसले होते. म्हणून तिन्ही ठिकाणी 'दरबार स्क्वेअर' आहे आणि म्हणूनच एका दिवसात तिन्ही बघितले की सगळं एकमेकांत मिसळतं. एका शहराला एक दिवस द्या. त्यात पशुपतिनाथाचं देऊळ आणि बौद्धनाथ स्तूप यांचा एक दिवस धरला की चार झाले, पाचवा मिळाला तर स्वयंभू स्तूप आणि आराम.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच. हे चौक म्हणजे तिथल्या नेवार लोकांचं, म्हणजे या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांचं अंगण आहे. पहाटे साडेपाच-सहाला बायका पितळी तबक घेऊन निघतात, फुलं, अक्षता, शेंदूर, एकेका देवाला वाहत घरी जातात, वाटेत भाजी घेतात. दहा-साडेदहानंतर टूर ग्रुप येतात, झेंडी धरलेला गाइड, ऊन, टोप्या. मग चार-साडेचारनंतर परत गाववाल्यांचं राज्य, म्हातारे कट्ट्यावर येऊन बसतात, पोरं कबुतरांमागे पळतात. तर साडेपाचला उठा, नऊपर्यंत फिरा, पोटभर खा, दुपारी चक्क झोपा किंवा म्युझियममध्ये जाऊन बसा, आणि परत साडेचारला बाहेर पडा. बाबा आधी कुरकुरले, सुट्टीत कोण साडेपाचला उठतं म्हणून, दुसऱ्या दिवशी तेच आधी तयार होऊन बूट घालून बसले होते.

निघायच्या आधीचं थोडं

आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, ओरिजिनल, हे पाहिजेच. नुसत्या आधारवर जाऊ म्हणून निघालेले लोक चेक-इन काउंटरवर रडकुंडीला आलेले मी डोळ्यांनी बघितलेत. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे करायचं, नेपाळची वेळ गौरीशंकर शिखरावरून धरलेली आहे त्यामुळे हा पंधरा मिनिटांचा विचित्र हिशोब. पैशाचं सोपं आहे, आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून हललेला नाही. दुकानदार 'आयसी की एनसी' असं विचारतात, आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे, आणि हे विचारून घ्यायचं नाहीतर १६०० ची शाल तुम्ही १६०० आयसीला घेऊन याल. रोख न्यायची तर शंभराच्या नोटा न्या, मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात. २०२४ पासून आपलं यूपीआय पण तिथल्या बऱ्याच दुकानांत चालतं, फोनपेचा क्यूआर दिसला की स्कॅन करून बघा (हे फोनपे त्यांचं वेगळं, आपलं वेगळं, नाव कानाला सारखंच लागतं म्हणून आईचा सगळा गोंधळ झाला होता). देवळाच्या गल्लीत मात्र सुटे पैसेच लागतात.

आणि हो, शनिवार. तिकडे आठवड्याची मुख्य सुट्टी शनिवारी असते. शनिवारी देवळांत तुफान गर्दी आणि ऑफिसं बंद, त्यामुळे बँक, सिमकार्ड वगैरे कामं शनिवारवर ठेवू नका.

तिन्ही दरबार चौकांना परदेशी लोकांसाठी तिकीट आहे, पण सार्क देशांचा, म्हणजे आपलाही, दर वेगळा आणि बराच कमी. बोर्ड नीट वाचा आणि ओळखपत्र दाखवा, न विचारता ते मोठा दर लावतील असं नाही पण आपण इंग्रजीत बोलायला लागलो की गडबड होते. दुसऱ्या दिवशी परत यायचं असेल तर तिकीट घेतानाच सांगून मुदत वाढवून मागा. आणि तिकीट फेकू नका, आत कुठेही कोणीही विचारतं.

फिरायला चालणं सगळ्यात बेस्ट, शहर साधारण १४०० मीटरवर आहे त्यामुळे उंचीचा त्रास वगैरे काही नाही. लांब जायचं तर पठाओ किंवा इनड्राइव्ह ॲपवर गाडी बोलवा, रस्त्यावरच्या टॅक्सीचा मीटर बहुतेक वेळा 'बिग्रियो' असतो, म्हणजे बिघडलाय. मास्क ठेवा जवळ, धूळ भरपूर.

आपला एक मोठा फायदा आहे जो गोऱ्या टुरिस्टला मिळत नाही, पाट्या वाचता येतात! लिपी तीच. 'यहाँ जुत्ता खोल्नुहोस्' हे कोणी सांगायची गरज नाही. 'कति हो' म्हणजे किती, 'पुग्यो' म्हणजे पुरे (वाढणाऱ्याला हे तीनदा म्हणावं लागतं), 'मीठो छ' म्हणजे छान झालंय. पुरुषाला दाइ, बाईला दिदी, लहान असेल तर भाइ, बहिनी. वर्ष मात्र बघून दचकू नका, त्यांचं विक्रम संवत आपल्या सनाच्या ५६-५७ वर्षं पुढे असतं.

पहिली सकाळ: ठमेल ते हनुमान ढोका

राहायला बहुतेक सगळे ठमेलला असतात, ठीक आहे, तिथूनच सुरुवात करा. ठहिटी चौकातून दक्षिणेला चालायला लागायचं, काठेसिंभू नावाचा स्तूप लागतो, स्वयंभूची छोटी प्रतिकृती, चारी बाजूंनी घरं आणि मध्ये हा. तिथून पुढे बांगेमुढा. इथे भिंतीत एक लाकडाचा ओबडधोबड ओंडका आहे आणि त्याच्यावर हजारो खिळे आणि नाणी ठोकलेली आहेत, इतकी की लाकूड दिसतच नाही. हा दातदुखीचा देव, वैश्यदेव. दात दुखला की नाणं ठोकायचं. आणि आजूबाजूला बघा, दातांच्या डॉक्टरांची दुकानं, काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या. देवाने नाही ऐकलं तर सोय शेजारीच.

मग असन. सहा रस्ते एकत्र येतात तो हा चौक, तिबेटच्या व्यापाराचा जुना रस्ता इथूनच जायचा. सकाळी साडेसहाला इथे मुळे, पालक, सुके मासे, तांब्याच्या घागरी, झेंडूच्या माळा, सगळं जमिनीवर, आणि मधून एक माणूस डोक्याला पट्टा लावून पाठीवर फ्रिज घेऊन चाललेला. अन्नपूर्णेचं देऊळ आहे, आत मूर्ती नाही, चांदीचा कलश आहे. एका कोपऱ्यात चहा घेऊन उभं राहा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. येणारा-जाणारा प्रत्येक जण, शाळेतलं पोरगं असो की स्कूटरवरचा माणूस, त्या देवळाची घंटा वाजवून किंवा निदान हात कपाळाला लावून जातो, हेल्मेट न काढता.

असनहून इंद्रचोकला जाताना उजव्या हाताला एक दार लागतं, ते चुकवू नका, जनबहाल. बहाल म्हणजे बौद्ध विहाराचं चौक असलेलं आवार, बाहेरून नुसतं बोळ वाटतं आणि आत गेलं की एकदम मोकळं. इथे सेतो मच्छिंद्रनाथ, म्हणजे पांढरे. हो, आपले नवनाथांतले मच्छिंद्रनाथ! तिथले बौद्ध त्यांना करुणामय म्हणजे अवलोकितेश्वर म्हणून पूजतात आणि हिंदू मच्छिंद्रनाथ म्हणून, मूर्ती तीच, रांग तीच, भांडण नाही. बाबांनी लहानपणी नवनाथांची पारायणं ऐकलेली, ते तिथे बराच वेळ बसून राहिले.

इंद्रचोकला पोत्यांचा बाजार बघा, पोते म्हणजे बारीक काचमण्यांचे सर, हिरवे-लाल, लग्न झालेल्या बायका घालतात. मग मखन नावाच्या गल्लीतून सरळ हनुमान ढोका, म्हणजे काठमांडूचा दरबार चौक.

इथे काय बघायचं याची यादी देत नाही, दोन-चार गोष्टींपुढे थांबा फक्त. राजवाड्याच्या दाराशी हनुमान आहे, १६७२ मध्ये प्रताप मल्ल राजाने बसवलेला, त्याच्यावर इतका शेंदूर चढलाय की चेहरा, हात काही कळत नाही, आपल्याकडच्या पारावरच्या मारुतीची आठवण येतेच. याच राजाने राजवाड्याच्या भिंतीवर एक शिलालेख कोरून ठेवलाय, पंधरा भाषांमधला, त्यात मध्येच फ्रेंच शब्द पण येतो, आणि गोष्ट अशी सांगतात की सगळा लेख जो वाचेल त्याच्यासाठी शेजारच्या तोटीतून दूध येईल. अजून पाणीच येतंय. पुढे काळभैरव, दगडात कोरलेला प्रचंड, पूर्वी लोकांना इथे उभं करून शपथ घ्यायला लावायचे, खोटं बोललं की माणूस जागीच मरतो अशी समजूत.

कुमारी घर १७५७ चं. आत गेल्यावर लाकडी कोरीव खिडक्यांचा चौक लागतो, वरच्या खिडकीत कधी कधी कुमारी येते, शाक्य घराण्यातली छोटी मुलगी जिला वयात येईपर्यंत देवी मानतात. वेळ नक्की नसते. आली की कॅमेरे, फोन खाली, हा नियम आहे आणि पाळाच, मी गेले तेव्हा एकाने गुपचूप फोन वर केला आणि सगळ्या चौकाने त्याला असं काही झापलं की बास. चौकाचे फोटो ती नसताना काढता येतात.

काष्ठमंडप पण इथेच, या लाकडी मंडपावरूनच शहराला काठमांडू नाव पडलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो पूर्ण कोसळला होता, नंतर जुन्या पद्धतीने परत उभा केला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे नुसता पत्र्याचा आडोसा होता, तिसऱ्यांदा गेले तर लोक आत बसून शेंगा खात होते. अजून काही देवळांना टेकू दिसतील, काही चौथरे रिकामे आहेत.

पाटण: अर्धा दिवस दरबार, अर्धा दिवस गल्ल्या

पाटण काठमांडूला चिकटूनच आहे, मध्ये फक्त बागमती नदी. माझा वैयक्तिक कौल पाटणला. चौक लहान आहे पण एकही इमारत फुकट नाही. कृष्ण मंदिर पूर्ण दगडाचं, सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेलं, एकवीस कळस, पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत कोरलंय आणि त्याच्या वरच्यावर रामायण. प्रसंग ओळखायचा खेळ खेळा, आईने भीष्म शरपंजरी आधी ओळखला आणि मग दिवसभर ऐकवलं.

समोर खांबावर योगनरेंद्र मल्ल राजा बसलाय, डोक्यावर नागाचा फणा आणि फण्यावर छोटासा पक्षी. राजा जाताना सांगून गेला म्हणे, जोवर तो पक्षी उडत नाही तोवर मी जिवंत आहे असं समजा, म्हणून राजवाड्यात त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवायचे आणि हुक्का भरून ठेवायचे. तिथेच शेजारी पायऱ्या उतरून मंगा हिटी. हिटी म्हणजे जमिनीच्या खाली खोल बांधलेला पाणवठा, मकरमुखातून पाणी पडतं, हा इ.स. ५७० चा आहे आणि अजून चालू आहे. बायका प्लास्टिकचे कॅन लावून रांगेत. आपण ताजमहाल, लाल किल्ला वगैरे जुनं म्हणतो, हा नळ त्याच्याहून हजारेक वर्षं जुना.

दुपारच्या उन्हात पाटण म्युझियम करा, राजवाड्यातच आहे, आणि मूर्तींच्या हातांच्या मुद्रा, धातूची ओतकामाची पद्धत असं सगळं इतकं नीट समजावून लिहिलंय की पुढचे दिवस तुम्हाला देवळं वाचता येतात. शक्य असेल तर भक्तपूरच्या आधी पाटण करा ते याच्यासाठी.

सुवर्ण मंदिर, म्हणजे हिरण्यवर्ण महाविहार, दरबारापासून पाच मिनिटांवर. आत चामड्याची वस्तू चालत नाही, बेल्ट, पर्स, घड्याळाचा पट्टा. बाबांनी बेल्ट काढला आणि मग पूर्ण दर्शन एका हाताने पँट धरून केलं, तेव्हा जाणार त्या दिवशी नाडीची पँट घाला, गंमत नाही. मग महाबौद्ध देवळाच्या बाजूच्या गल्ल्यांमध्ये शिरा, हे मूर्तिकारांचं गाव आहे. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. एका दारात एक काका मांडीवर तारा देवीचा एवढासा हात घेऊन बसले होते, बारीक छिन्नी, टुक टुक टुक, बोटांची नखं कोरत होते. अर्धा तास बघितलं, एकच नख झालं. बघू का विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, मध्ये बोलू नका एवढंच.

वैशाखात गेलात तर रातो मच्छिंद्रनाथ, म्हणजे लाल, यांचा रथ बघायला मिळेल. वेताने-बांबूने बांधलेला, घराच्या छपरांच्या वर गेलेला डुगडुगणारा मनोरा, चाकांवर डोळे रंगवलेले, आणि शेकडो माणसं दोर ओढतायत. गोष्ट अशी की गोरखनाथ पाऊस पाडणाऱ्या नागांवर ठाण मांडून बसले, बारा वर्षं दुष्काळ, मग त्यांना उठवायचं तर गुरूच आणायला पाहिजे म्हणून मच्छिंद्रनाथांना कामरूपहून आणलं, गुरू आले म्हटल्यावर शिष्य उठला, नाग सुटले, पाऊस. शेवटच्या दिवशी जावलाखेलला भोटो जात्रा होते, म्हणजे एक रत्नजडित बंडी गर्दीला दाखवतात. एका शेतकऱ्याची आणि एका भुताची मालकीवरून भांडणं होती, पुरावा कोणाकडेच नव्हता, म्हणून ती देवाकडे ठेवली आणि दर वर्षी दाखवतात, ज्याच्याकडे पुरावा असेल त्याने घेऊन जावं. देशाचा प्रमुख या दाखवण्याला हजर असतो!

भक्तपूरला एक रात्र राहायचंच

हे मी सगळ्यांना सांगते आणि अर्धे ऐकत नाहीत. काठमांडूपासून तेरा किलोमीटर आहे म्हणून लोक सकाळी जातात आणि तीनला परत. अहो पण गाव खुलतंच पाचनंतर. जुन्या भागात साधं गेस्ट हाउस घ्या, खोली छोटी असेल, जिना इतका उभा की बॅग एकच न्या.

तौमढी चौकात न्यातपोल, पाच छपरांचं देऊळ, भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये उभं केलं, तीस मीटरच्या आसपास उंच, आणि १९३४ चा आणि २०१५ चा असे दोन्ही भूकंप पचवून उभं आहे. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना राखणदार आहेत, सगळ्यात खाली जयमल-फत्ता हे दोन पैलवान, त्यांची ताकद माणसाच्या दसपट, त्यांच्यावर हत्ती, पैलवानांच्या दसपट, मग सिंह, मग शार्दूल, मग बाघिणी-सिंहिणी देवी, प्रत्येक जोडी खालच्याच्या दसपट. आत सिद्धिलक्ष्मी, पण तिचं दर्शन पुजाऱ्यांशिवाय कोणाला नाही. संध्याकाळी हत्तींच्या पायरीवर जागा पकडून बसा, खालचा चौक अख्खा दिसतो.

आणि आता मराठी माणसाची खास जागा, दत्तात्रेय चौक. दत्ताचं देऊळ आहे, पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्लाच्या काळातलं, सगळं लाकडी, एकाच झाडाच्या लाकडातून बांधलं असं गाववाले सांगतात. दाराशी परत तेच जयमल-फत्ता. समोर खांबावर गरुड. माझी आई गाणगापूर, वाडी सगळं केलेली, तिला इतक्या लांब डोंगरात दत्त भेटेल असं वाटलंच नव्हतं, पहाटे सहाला आम्ही गेलो तर चौकात भाजीवाल्या बसत होत्या, धुकं होतं, आणि तिने तिथेच पायरीवर बसून हळू आवाजात आरती म्हटली पूर्ण. एक आजी थांबल्या, शब्द काही कळले नसणार, हात जोडून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि आईच्या हातात दोन फुलं ठेवून गेल्या. शेजारच्या पुजारी मठाच्या बोळातली मोराची खिडकी बघा, लाकडात कोरलेला मोर, पिसारा फुलवलेला, सगळ्या पोस्टकार्डांवर तीच असते. बोळ अरुंद आहे, मान मोडते बघताना.

दरबार चौकातला पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा, १७५४ चं सोन्याचं दार, कुंभारांचा चौक, हे सगळं वाटेत येतंच. कुंभार चौकात उन्हात वाळत ठेवलेल्या मडक्यांच्या मधून चालताना पाय जपून, मी एक फोडलंय, पैसे घेतले नाहीत त्यांनी, मलाच लाज वाटून दोन विकत घेतली.

जेवणानंतर परत बाहेर पडा. देवळांच्या बाजूला छप्पर असलेले कट्टे असतात, पाटी म्हणतात किंवा नेवारीत फल्चा. रात्री तिथे सात-आठ म्हातारे जमतात, मध्ये एक पिवळा बल्ब, ढोलकं, टाळ, आणि भजन सुरू. हातात हस्तलिखित वह्या, कडा काळ्या पडलेल्या. हे टुरिस्टसाठी नाही, रोजचंच आहे. लांब बसा, फ्लॅश मारू नका, कोणी सरकून जागा दिली तर बसा. टाळाचा आवाज ऐकला की आपले पाय आपोआप हलायला लागतात ते वेगळं.

पशुपती आणि बौद्ध, एकाच दिवशी पण वेगवेगळ्या मूडमध्ये

पशुपतिनाथाला सकाळी लवकर जा, दुपारी गाभारा बंद असतो. चामडं बाहेर, आत फोटो नाही. मुख्य देवळात हिंदूंनाच प्रवेश. शिवलिंगाला स्पर्श फक्त भट्ट पुजारी करतात, ते दक्षिण भारतातून आलेले असतात, ही परंपरा जुनी आहे. संध्याकाळी मात्र नदीच्या पलीकडच्या काठावर या, अंधार पडताना बागमतीची आरती होते, आणि समोरच्या आर्यघाटावर चिता पेटलेल्या असतात. दोन्ही एकाच वेळी. तिथे कोणाचं तरी घरचं माणूस गेलेलं असतं, झूम करून फोटो काढणारे महाभाग असतात, तुम्ही त्यांच्यात नको. भस्म फासलेले रंगीत साधू बसलेले असतात, फोटो काढला की पैसे मागतात, आधी ठरवून घ्या नाहीतर नुसता नमस्कार करून पुढे चला.

बौद्धनाथ तिथून जवळच. प्रचंड पांढरा घुमट, वर चार दिशांना डोळे आणि नाकाच्या जागी जे वळण दिसतं तो म्हणजे आपला '१' चा आकडा! प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेने, उलटं चालू नका, अख्खा प्रवाह अंगावर येतो. १९५९ नंतर तिबेटमधून आलेले खूप लोक इथे स्थायिक झाले, संध्याकाळी ते माळ ओढत फेऱ्या मारतात, कोणी मोबाइलवर बोलतंय, कोणी नातवाला कडेवर घेऊन. तीन फेऱ्या मारा आणि मग वरच्या मजल्यावरच्या एखाद्या कॅफेत बसून दिवे लागताना बघा.

स्वयंभूला पूर्वेकडच्या तीनशे पासष्ट पायऱ्यांनी चढा, गुडघ्यांचा प्रॉब्लेम असेल तर गाडी मागच्या बाजूने बरीच वर जाते. माकडं चष्मे पळवतात, प्लास्टिकची पिशवी हातात नकोच.

खाणं आणि खरेदी पटकन

मोमोच्या दुकानात नुसतं मोमो म्हटलं की बहुतेक वेळा बफ येतं, म्हणजे म्हशीचं, रेड्याचं. नको असेल तर आधीच व्हेज किंवा चिकन सांगा. सकाळी जेरी-स्वारी खा, जिलेबी पातळ पुरीत गुंडाळून, कानाला विचित्र पण भारी लागतं. नेवारी खाण्यात बारा (उडदाच्या डाळीचा जाड वडा-कम-धिरडं), चटामरी (तांदळाच्या पिठाचं), आणि योमरी मिळाली तर सोडू नका, तांदळाच्या उकडीत गूळ-तीळ, म्हणजे मोदकाची नेपाळी चुलतबहीणच. दालभात सगळीकडे, परत परत वाढतात. भक्तपूरला जुजु धौ, म्हणजे दह्यांचा राजा, मातीच्या पसरट भांड्यात लावलेलं घट्ट गोडसर दही.

ठमेलमध्ये सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावरून सुरुवात करा. 'माझी थांका चित्रांची शाळा बघायला चला' म्हणणारा गोड मुलगा शेवटी दुकानातच नेतो. कडेवर बाळ घेऊन दुधाची पावडर घेऊन द्या म्हणणारी बाई, ती पावडर परत दुकानात जाते. मूर्ती घेतलीत तर बिल घ्या, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, जुनाट दिसणाऱ्या नव्या मूर्तीलाही एअरपोर्टवर प्रश्न येतात, पुरातत्त्व विभागाचा शिक्का दुकानदाराला आणून द्यायला सांगा.

कधी जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. फक्त दशैं म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या मुख्य दिवसांत जाऊ नका, सगळे गावाला गेलेले असतात, शहर ओस, निम्मी दुकानं बंद. इंद्रजात्रा बघायची असेल तर अनंत चतुर्दशी पकडा, आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक असते त्याच दिवशी तिकडे कुमारीचा रथ निघतो. एप्रिलच्या मध्यावर भक्तपूरला बिस्का जात्रा, वरची आळी आणि खालची आळी भैरवाच्या रथाची दोन्हीकडून रस्सीखेच करतात, बघायची तर गच्चीवरून, खाली गर्दीत नको.

विमानात जाताना डावीकडची खिडकी घ्या, येताना उजवीकडची, हवा स्वच्छ असेल तर हिमालयाची रांग दिसते. आणि जुजु धौ घरी आणायचा विचार असेल तर हँडबॅगेत चालत नाही, दही पण लिक्विडमध्येच धरतात. आईने काउंटरवरच्या मुलीशी पाच मिनिटं हुज्जत घातली, मग बाजूच्या खुर्चीवर बसून लाकडी चमच्याने सगळं संपवलं आणि मातीचं रिकामं भांडं टिश्यूने पुसून बॅगेत टाकलं, आता त्यात आमच्याकडे विरजण लागतं.